खोब्रागड्यांची टेस्ट

परवा आमच्या शेजारी बोअर मारलं. गाडी आली, धूळ उडाली, पाणी उसळलं, शेजाऱ्यांनी नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातून मोटार आणून बसवूनही टाकली. किती हॉर्सपॉवरची आणली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मेहुण्याकडे आहे तेवढीच." बोअरात पाणी किती, उपसल्यावर ते खाली किती जातं, थांबल्यावर वर किती येतं, हे कुणी पाहिलं नाही. माझं वय झालंय आणि शेजाऱ्यांना सल्ले आवडत नाहीत. पण घरात येऊन बसलो तर दौलत खोब्रागडे आठवला. तो आठवला की माझा दिवस तसाच जातो. वाईट वाटतं म्हणावं, तर तसंही नाही. अंगाखाली दबून हात बधिर झाला की आपलाच हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं काहीतरी होतं.

महाराष्ट्र झाल्यानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही दोघंही सरकारी बोअरच्या कामावर ओव्हरसियर होतो. यवतमाळ जिल्ह्यात बोअर हा प्रकार तेव्हा नवाच होता. ठोक्याचं मशीन एकेका गावात आठवडेच्या आठवडे दगड कुटत बसे. पाणी लागलं की मशीन पुढच्या गावाला जाई आणि त्याच्यामागून आमची वरात येई: डिझेलचं इंजीन, पंप, पाइपांचे तुकडे, ते बोअरात सोडायची तिपाई, मजूर आणि कायम तापलेली एक जीप. डिझेल, मजूर आणि स्वयंपाकी माझ्याकडे, टेस्ट खोब्रागड्याकडे.

टेस्ट म्हणजे बोअरात पंप सोडून तो न थांबता चालवायचा. पाणी किती निघतं ते मोजायचं, बोअरातली पातळी कुठवर उतरते ते पाहायचं. मग पंप बंद करून पाणी पुन्हा वर किती वेळात चढतं तेही पाहायचं. एवढ्यावरून त्या बोअराला इंजिनाचा पंप झेपेल, की नुसता हातपंप बसवायचा, की झाकण लावून निघून जायचं, ते ठरे. गावाला यातलं पहिलंच हवं असे. टेस्ट करणाऱ्याला मात्र काहीच हवं असून चालत नाही, आणि खोब्रागडे या बाबतीत भलताच कडू माणूस होता.

दिसायला उंच, किडकिडीत, मान थोडी पुढे काढलेली. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं भर उन्हाळ्यातही लावलेली. पातळी मोजायची त्याची रीत जुनी होती. पोलादी फितीला खडू चोळायचा, फीत बोअरात सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजलाय ते पाहायचं. त्यामुळे त्याची बोटं, खिसा आणि कधीकधी नाकाचा शेंडाही पांढरा असे. खेड्यातली माणसं त्याला शाळामास्तर समजत. एका गावात तर दोन बाया मुलांना घेऊन आल्या आणि नाव घाला म्हणाल्या. मी हसत होतो. त्याने शांतपणे मुलांची वयं विचारली, शाळा कुठल्या गावात आहे ते सांगितलं आणि पुन्हा बोअराशी पालथा झोपला. पुढे आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणू लागलो. त्यालाही ते आवडत असावं, कारण तो कधी नाही म्हणाला नाही.

टेस्ट चालू असलेल्या गावात तो पाण्याचा थेंब घेत नसे. चहा नाही, पान नाही, पाटलाच्या ओसरीवर टेकणंही नाही. आमच्या स्वयंपाक्याने केलेली भाकर आणि घरून डब्यात आणलेली जवसाची चटणी, एवढंच. एकदा मी म्हटलं, "अरे, चहानं काय बोअराचं पाणी वाढते का?" तर म्हणाला, "ज्याचा पेपर तपासाचा त्याच्या घरी जेवू नये." म्हणायला हे ठीक आहे. पण मास्तरांच्या या सोवळ्यापायी आम्हा बाकीच्यांनाही कितीतरी गावांच्या पाहुणचारावर पाणी सोडावं लागलं आहे, आणि वऱ्हाडातला पाहुणचार सोडणं ही काही लहान गोष्ट नाही.

महागावकडच्या एका गावची गोष्ट सांगतो. तिथल्या सरपंचांना मोठा पंप हवा होता, कारण शेजारच्या गावाला मोठा मिळाला होता. बोअर तर जेमतेम. सरपंच म्हणाले, "साहेब, आमच्या गावची इज्जत हाय. त्यायच्यापेक्षा लहान मोटार लावली तं पोरी देनार नाही कोनी आमाले." खोब्रागड्याने ऐकून घेतलं. मग त्यांच्याच पायांतल्या जोड्यांकडे पाहत म्हणाला, "तुमचा जोडा तुमच्या नातवाले घातला तं इज्जत वाढते का पोरगं पडते?" सरपंच हसले नाहीत. शेवटी लहानच पंप बसला. त्या गावात पोरी द्यायचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

दुसरं एक गाव पांढरकवड्याच्या अलीकडचं. आम्ही पोचायच्या आधी एका म्हाताऱ्याने भक्तिभावाने बोअरात नारळच सोडला होता. तो मध्येच अडकून बसला. मजुरांनी म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खोब्रागडे देवाधर्मातून केव्हाच बाहेर पडलेला, मला वाटलं आता हा म्हाताऱ्याला चांगलंच सुनावणार. त्याने दोरीला आकडा बांधला, दिवसभर उन्हात बसून तो नारळ वर काढला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. "बाबा, नवस पोचला, आता नारळ घरी न्या," म्हणाला. असाही तो होता. पण हे क्वचित.

टेस्टच्या आधी तो आणखी एक गोष्ट न चुकता करी. पंपाचं पाणी वाहून न्यायला आम्ही एक दांड खणायचो, थेट नाल्यापर्यंत. इंजीन सुरू करायच्या आधी तो त्या दांडाच्या कडेने शेवटपर्यंत चालत जाई आणि चालत परत येई. उपसलेलं पाणी जवळपास कुठे मुरलं, तर ते जमिनीतून फिरून त्याच बोअरात येतं. मग पातळी उतरतच नाही आणि भिकार बोअरही सावकार वाटायला लागतं. हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. चालत जायचा तो एकटाच.

खैरगावच्या दांडाच्या कडेने तो गेला नाही.

खैरगाव झरीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरचं गाव. पाटलाच्या खळ्यात, अगदी कडेला बोअर मारलेलं. जागा वरून आलेल्या साहेबांनी दाखवली होती, दगड पाहून. खळ्याच्या उताराला बौद्धांची वस्ती, आणि त्या वस्तीत खोब्रागड्याची थोरली बहीण दिलेली होती, यशोदाअक्का. आईबाप पटकीत गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं. छप्पन साली भाऊबहीण मिळून नागपूरला जाऊन आले. परत आल्यावर अक्काने घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले. एवढं सगळं झालं, तरी प्यायचं पाणी मात्र नाल्यातच राहिलं.

कारण गावच्या विहिरीला वस्तीचा हात चालत नव्हता. कायदा होता, पण तो विहिरीपर्यंत आला नव्हता. वस्तीने आपली स्वतःची विहीर खणली, मुरूम संपून काळा दगड लागला आणि विहीर कोरडीच राहिली. मग उन्हाळाभर बाया नाल्याच्या रेतीत झिरा उकरत, त्यात पाझरून येईल ते पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत. अक्काची उभी हयात त्यात चालली होती.

सरकारी योजना अशी होती. बोअराला इंजिनाचा पंप झेपला तर पाणी टाकीत चढणार आणि टाकीतून दोन नळ निघणार, एक गावात आणि एक वस्तीत. नाही झेपला तर बोअरावरच हातपंप बसणार. आम्ही पोचलो त्याच दिवशी पाटलांनी आपलं म्हणणं फार गोड शब्दांत सांगून टाकलं. "नळ झाला तं दोघायचा, साहेब. हापसा झाला तं मंग खळं माह्यं हाय. आमचा गडी भरून देत जाईन त्यायले." म्हणजे हातपंपाच्या दांड्याला वस्तीचा हात लागायचा नाही. खोब्रागड्याने मान हलवली आणि मजुरांना तिपाई उभी करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी इंजीन सुरू व्हायच्या बेतात असताना अक्का डोक्यावर शिदोरी घेऊन आली. ठेंगणी, काळीसावळी, बोलायला फटकळ. भाऊ पालथा झोपून बोअरात फीत सोडत होता.

"दौलत, घरी काहून नाही आला?"

"टेस्ट हाय, अक्का."

"मंग मी काय त्या पायपात येऊन बसू?"

"झाल्यावर येतो."

तिने शिदोरी माझ्यापुढे ठेवली. "तुमी तं खासान, का तुमचीबी टेस्ट हाय?"

मी खाल्लं. खोब्रागड्याने तिकडे पाहिलंही नाही.

आता त्या दांडाचं. तो वस्तीच्या अगदी पोटाशी लागून नाल्याला गेला होता. त्याच्या कडेने चालत जायचं म्हणजे अर्ध्या वस्तीच्या दारावरून जायचं, सगळ्यांनी हात धरून घरात न्यायचं, चहा पुढे ठेवायचा. आपल्याच माणसांना नाही कसं म्हणायचं? म्हणून त्याने एका मजुराला पाठवलं. मजूर जाऊन आला आणि दांड चांगला आहे म्हणाला. तेव्हा तो खरोखर चांगलाच होता.

इंजीन सुरू झालं. पातळी थोडी उतरली आणि थांबली. खोब्रागडे फीत सोडी, वर ओढी, पुन्हा खडू चोळी. पातळी तिथेच. दुसऱ्या दिवशीही तिथेच. पंप बंद केला तर पाणी भराभर वर आलं. तो उठून बसला, पँटची माती झटकली आणि म्हणाला, "पाच हॉर्सपॉवरचा आरामात बसते." त्याच्या चेहऱ्यावर मी हसू पाहिलं. आमच्या नोकरीत ते फार वेळा दिसलं नव्हतं. तासाभरात गावाला कळलं. पाटील खूश, कारण नळ त्यांच्या अंगणाजवळून जाणार होता. वस्तीत कुणीतरी डफडं काढलं.

संध्याकाळी आम्ही दोघं अक्काकडे जेवायला गेलो. माझ्यासारख्या सवर्णाने वस्तीत जेवणं ही तेव्हा कौतुकाची गोष्ट होती. मला नुसती भूक लागली होती. पुरणपोळीचा वास अंगणापर्यंत येत होता. पण अक्का आम्हाला बसू देईना. "आंधी माह्या संगं या," म्हणाली आणि वस्तीच्या विहिरीकडे घेऊन गेली. तीच ती कोरडी विहीर.

तळाला पाणी होतं. फार नाही, घोटा बुडेल एवढं. भिंती मात्र बऱ्याच वरपर्यंत ओल्या.

"पाह्य," अक्का म्हणाली. ती इतकी आनंदात होती की मला ते अजून दिसतं. "तुह्ये मजूर एवढं पानी नाल्यात सोडून देत होते. आमाले पाह्यवलं नाही. आमी सगळ्या बायायनं मिळून दांड इकडं फोडला. वाया जाऊ नाही देलं तुह्यं पानी. पन ही विहीर अशी अवदसा हाय, किती घेतलं तरी भरून नाही राह्यली. कुठं जाते कोन जाने."

खोब्रागडे वाकून खाली पाहत होता. विहीर आणि बोअर यांच्यामध्ये एक खळं तेवढं होतं.

"कधी फोडला दांड?" त्याने विचारलं.

"तुह्यं इंजीन सुरू झालं तवाच. काहून?"

"काही नाही," तो म्हणाला. "जेवाले वाढ."

तो जेवला. पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप घेतलं, अक्काने आग्रह केल्यावर आणखी एक घेतली. शेजारच्या माणसांशी मुलांच्या शाळेबद्दल बोलला. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हात धुऊन आम्ही निघालो, तेव्हा तो म्हणाला, "टेस्ट परत लावा लागते."

"कायले?" मी म्हटलं. "तू पाहिलं, मोजलं, लिहिलं. पंप बसू दे. वस्तीत नळ येऊ दे एकदा, पुढचं पुढे पाहू."

"म्या नाही मोजलं ते. तेच पानी फिरून फिरून आलं."

"ते तुले आन् मले माहीत. बोअराले माहीत नाही."

"बोअरालेच माहीत हाय," तो म्हणाला. "मोठा पंप लागला तं होळीच्या आत आटते ते. मंग पाटील म्हनन, वस्तीनं पानी संपवलं. नळ तोडाचा झाला तं पयले इकडलाच तोडन. आन् बोअर एकदा आटून बसलं का हापशालेबी पानी राह्यत नाही."

त्याच्या जागी मी असतो तर पहिलाच आकडा ठेवला असता आणि सुखाने झोपलो असतो. हे मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "तुही बहीन नाही ना इथं." याचा अर्थ मी पुष्कळ दिवस उलटा लावत होतो; मला वाटे, बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणेल याला तो भितो.

सकाळी त्याने स्वतः फावडं घेतलं आणि वस्तीच्या विहिरीकडचा फाटा बुजवला. बाया उभ्या राहून पाहत होत्या. या वेळी तो दांडाच्या कडेने नाल्यापर्यंत चालत गेला आणि चालत आला. बोअराला आणि विहिरीला निथळू दिलं. मग इंजीन लावलं.

अक्का खळ्याबाहेर बाभळीखाली येऊन बसली. पातळी उतरत होती. प्रत्येक वेळी फीत आणखी खाली जात होती. दुपार कलल्यावर इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला, ओझं उतरल्यासारखा; पाइपातून पाण्याऐवजी फसफस हवा आली. आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आधी अक्का उठून उभी राहिली होती. इतके दिवस ऐकून तिलाही तो आवाज कळायला लागला असेल. पंप बंद केला, तर पाणी इतकं हळू चढलं की खोब्रागडे दुसऱ्या दिवशीही तिथेच पालथा होता.

हातपंपापुरतं पाणी आहे, एवढं त्याने लिहिलं. मग तो तिच्याकडे गेला. मी सामान बांधून घेत होतो, पण ऐकू येत होतं.

"पयली टेस्ट खोटी होती का?" तिने विचारलं.

"खोटी नाही, अक्का. आपलंच पानी आपल्याले परत येत होतं."

"मंग येऊ द्याचं होतं."

ती घरी गेली.

त्यानंतर त्याच्यात काही फरक पडला असं मला सांगता येणार नाही. तो रडला नाही, चिडला नाही, दारू पिऊ लागला नाही. तीच भाकर, तीच चटणी, तोच खडू. दांडाच्या कडेने तर आता दोनदा जाई. फक्त मास्तर म्हणून हाक मारली तर ओ देईना, म्हणून आम्ही पुन्हा खोब्रागडे म्हणू लागलो. अक्काचं विचारलं की "बरी हाय" म्हणे. ती त्याच्याशी बोलणं तोडून बसली असती तर बरं झालं असतं. तसंही नव्हतं. ती कामापुरतं बोलत होती.

माझी पुसदला बदली झाली त्या उन्हाळ्यात बसवलेले हातपंप पाहायला आम्ही शेवटचे एकत्र फिरलो. खैरगावला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पाटलाच्या खळ्यात हापशावर गावातल्या बाया, आणि थोडं लांब, रिकामे हंडे खाली ठेवून, वस्तीतल्या बाया उभ्या. पाटलांचा गडी जेवायला गेला होता. तो आला की भरून देणार होता. अक्का त्यांच्यात होती.

खोब्रागडे जीपमधून उतरला, सरळ हापशाशी गेला आणि त्याने दांड्याला हात घातला. गावातल्या बाया मागे सरल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "तुमी हापसा साहेब, तुमाले कोन काय म्हनन? तुमी सरकारी." पंप नीट चालत होता. धार जाड नव्हती, पण तुटतही नव्हती; जेवढी त्याने लिहिली होती तेवढीच. त्याने मान वळवून हाक मारली, "अक्का, हंडा आन."

ती आली. हंडा मात्र कमरेवरच ठेवला.

"आन इकडं."

"आजचा भरशीन," ती म्हणाली. "तू गेल्यावर कोन हापसन?"

रागाने म्हणाली नाही. खरंच विचारावं तसं तिने विचारलं. मग वळून नाल्याच्या वाटेला लागली. खोब्रागड्याने दांडा सोडला आणि तिच्या मागून गेला.

मी बराच वेळ वाट पाहिली. ड्रायव्हर कुरकुरायला लागला, तेव्हा जीप नाल्यापर्यंत नेली. काठावरून ते दोघं दिसले. रेतीत झिरा उकरलेला होता आणि त्याच्या दोन बाजूंना भाऊबहीण उकिडवे बसले होते. वाटी खोब्रागड्याच्या हातात होती. तो ती खाली बुडवी, सांभाळून हंड्यात ओती आणि थांबे. खाली पुन्हा जरा ओल साचली की अक्का बोट दाखवी, मग तो वाटी घाली. मी हाक मारली. त्याने वर पाहिलं आणि तुम्ही व्हा पुढे, असा हात केला.

आम्ही निघालो, तेव्हा हंड्याचा तळ जेमतेम झाकला होता.